बोअरवेलपाशी भरलेला वर्ग

वैजयंती आमच्या घरी सून म्हणून आली, तेव्हा तिच्या सामानात साड्यांपेक्षा दगड जास्त होते. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. तिच्याबरोबर पत्र्याची एक पेटी होती. ती दिल्लीला निजामुद्दीन स्थानकावर उतरवताना हमालाने माझ्या मुलाला, अमोलला, विचारले, "बाबूजी, सोना भरा है क्या?"

"नहीं भाई, पत्थर हैं," अमोलने खरे ते सांगितले.

हमालाने पेटीकडे पाहिले, मग नव्या नवरीकडे पाहिले, आणि "बिल्कुल, बिल्कुल" असे म्हणून ती पेटी फार जपून डोक्यावर घेतली.

वैजयंती मूळची जालन्याची. तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. औरंगाबादला राहून तिने भूगर्भशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. जमिनीखाली पाणी कोठे असते, किती असते आणि ते कोणत्या वेगाने वाहते, हा तिचा खास विषय. अमोल एका केंद्रीय मंत्रालयात नोकरीस होता आणि आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी घरात राहत होतो. वैजयंतीने आपले दगड तेथे खिडकीत ओळीने मांडले. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या तमिळ बाई त्यांतील एका काळ्या गुळगुळीत दगडाला हळदकुंकू वाहून, हात जोडून गेल्या. मला संकोच वाटला. वैजयंती मात्र म्हणाली, "राहू दे हो आई. बेसाल्ट आहे तो. साडेसहा कोटी वर्षांत त्याने याहून जास्त सोसलंय."

मला स्वतःला साठी उलटल्यानंतर अक्षर आले. आमच्या सेक्टरमधील प्रौढ वर्गात मी पाटी घेऊन जात असे. तेव्हापासून कोणीही शिकवू लागले की ते कसे शिकवतात, याकडे माझे लक्ष आपोआप जाते. म्हणून वैजयंतीविषयी जे लिहावयाचे, ते मी तिच्या शिकवण्याविषयीच लिहिणार आहे. तिचा स्वयंपाक चांगला आहे, परंतु तो विषय वेगळा.

दिल्लीतील एका महाविद्यालयात तिला शिकवण्याचे काम मिळाले. जागा हंगामी होती, त्यामुळे दर जुलैमध्ये तिला नव्याने मुलाखत द्यावी लागे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ती भूजल हा विषय शिकवी, आणि त्यात 'पंपिंग टेस्ट' नावाचे एक प्रात्यक्षिक होते. हे प्रात्यक्षिक समजावयास सोपे आहे. एका बोअरमधून एकाच वेगाने पाणी उपसत राहावयाचे, आणि जवळच्या दुसऱ्या, बंद असलेल्या बोअरमधील पाणी किती खाली उतरते, ते वेळ लावून मोजत राहावयाचे. प्रथम मिनिटामिनिटाला, पुढे सावकाश. पाणी कोणत्या चालीने उतरते यावरून जमिनीच्या पोटात वाळू आहे की चिकणमाती, पाणी मोकळे वाहते की अडते, हे सांगता येते.

"डॉक्टर पोट दाबून बघतात ना, तसंच," वैजयंतीने मला सांगितले होते. "फक्त जमीन 'आई गं' म्हणत नाही. ते आपल्याला कागदावर काढून बघावं लागतं."

परंतु तिच्या महाविद्यालयात बोअर नव्हती. प्राध्यापक फळ्यावर आकडे लिहून देत. ते आकडे एका पुस्तकातील, कोणत्या तरी परदेशी विहिरीचे होते आणि दरवर्षी तेच असत. विद्यार्थी त्यांचा आलेख काढीत आणि दरवर्षी तेच उत्तर काढीत. वैजयंतीच्या वर्गात नजफगढकडचा गौरव नावाचा एक मुलगा होता. तिने फळ्यावर आकडे लिहिण्यास सुरुवात केली, तेव्हा तो मागच्या बाकावरून म्हणाला, "मॅम, यह कुआँ तो मेरे ताऊ के लडके ने भी किया था. जवाब लिखवा दूँ?"

सगळा वर्ग हसला. वैजयंतीही हसली. परंतु त्या संध्याकाळी घरी आल्यावर भाजी निवडताना तिने देठे ठेवली आणि पाने टाकून दिली.

मग आम्ही द्वारकेत राहण्यास गेलो. त्या वेळी जुनी माणसे त्या भागाला पप्पनकलाँच म्हणत. रस्ते असे रुंद, की पलीकडे जाताना मध्ये विसावा घ्यावासा वाटे, आणि त्या रस्त्यांवर वाहन मात्र क्वचित दिसे. सरकारी नोकरांनी मिळून बांधलेली आमची 'सुमैत्री' सोसायटी उभी राहिली होती. वीज आली होती, घरोघर केबल आली होती, फक्त शहराचे नळाचे पाणी तेथवर पोचले नव्हते. सगळी सोसायटी एका बोअरवर जगत होती आणि कमी पडले की टँकर येई.

फ्लॅट पाहावयास आम्ही प्रथम गेलो तो दिवस मला आठवतो. अमोल बाल्कनीतून विमाने दाखवत होता. मी स्वयंपाकघरातील ओट्याची उंची पाहत होते. वैजयंती कठड्यावरून इतकी खाली वाकली होती, की मी तिचा पदर धरला.

"आई, दोन बोअर आहेत!" ती म्हणाली. "ती चालू आहे ना, आणि ती बागेतली, लोखंडी झाकणाची, ती कंत्राटदाराने बांधकामाला मारलेली, आता बंद. अंतर पण किती छान आहे दोघींमध्ये!"

"बायका किचन बघतात," अमोल म्हणाला.

"किचन काय, सगळीकडे असतं," वैजयंती म्हणाली.

अशा रीतीने आम्ही तो फ्लॅट घेतला.

तिने विभागप्रमुख प्राध्यापक माथुर यांच्यापुढे आपला विचार मांडला. या वर्षी मुलांनी परदेशी विहीर सोडून द्यावी आणि द्वारकेत येऊन स्वतः खरी टेस्ट करावी. माथुरसाहेब सभ्य गृहस्थ होते. टाय न लावता ते वर्गात जात नसत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच शंका विचारली.

"वैजयंतीजी, उस कुएँ का जवाब मुझे मालूम है. आपके बोर का जवाब किसी को नहीं मालूम. जिस सवाल का जवाब मुझे ही नहीं मालूम, उस पर मैं नंबर कैसे दूँ?"

वैजयंतीने एका वर्षाची संधी मागितली. शेवटी असे ठरले की या एका वर्षी करून पाहावे. तोंडी परीक्षा माथुरसाहेब स्वतः घेतील. त्यांना योग्य वाटले तर खरी टेस्ट कायमची अभ्यासक्रमात येईल. नाही वाटले तर परदेशी विहीर परत येईल आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. वैजयंतीच्या मनाला हे फार लागून राहिले होते. ती मला म्हणाली, "आई, माझी नोकरी काय, दर जुलैला जाते-येते. पण ही मुलं आयुष्यात एकदाही जमिनीला प्रश्न न विचारता भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन जातात, हे मला बघवत नाही."

सोसायटीची परवानगी काढणे भाग होते. आमचे सेक्रेटरी श्री. भसीन हे निवृत्त अधिकारी. सोसायटीच्या बागेतील हिरवळ त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली लावली होती आणि रोज सकाळी ते तिच्या कडेने असे चालत, जसे पूर्वी कचेरीतील टेबलांच्या रांगेतून चालत असतील. सोसायटीला दुसरी बोअर मारावयाची होती, त्यासाठी या टेस्टचा उपयोग होईल, असे ऐकून ते लगेच तयार झाले. फक्त एका गोष्टीपाशी ते अडखळले.

"सारा पानी बाहर नाले में? सारा दिन?"

"हाँ जी, अंकलजी. बोअर से दूर ही छोडना पडता है," वैजयंतीने समजावले. "वरना वही पानी फिर नीचे जाएगा."

भसीनसाहेबांनी डोळे मिटले, जणू डॉक्टर सुई टोचणार आहेत. मग म्हणाले, "चलो. साइंस के लिए."

फेब्रुवारीतील एका रविवारी टेस्ट झाली. छतावरील टाकी आदल्या दिवशी भरून ठेवली होती, आणि बोअरमधील पाणी स्थिर व्हावे म्हणून संध्याकाळपासून पंप बंद ठेवला होता. मुले सकाळच्या बसने आली. चालू बोअरच्या पाण्याला एक लांब रबरी पाइप जोडून तो भिंतीबाहेरच्या नाल्यात सोडला. मध्येच एक मोठे पिंप ठेवले. ते भरण्यास किती वेळ लागतो हे अधूनमधून पाहावयाचे, म्हणजे पंप एकाच वेगाने चालला आहे की नाही ते कळते.

बागेतील बंद बोअरमध्ये पाण्याची पातळी मोजण्याचे यंत्र गौरवने घरी बनवून आणले होते. वायरीच्या टोकाला पाणी लागले की वर घंटी वाजे. परंतु त्याने जी घंटी जोडली होती, ती दारावर लावतात तशी, चिमणीच्या चिवचिवाटाची होती. त्यामुळे दर मिनिटाला बोअरमधून चिमणी ओरडू लागली आणि तळमजल्यावरील नायरबाई दर मिनिटाला दार उघडू लागल्या.

"कौन है?"

"आंटी, पानी है!" गौरव ओरडून सांगे.

चारपाच वेळा असे झाल्यावर नायरबाईंनी दार उघडेच ठेवले आणि खुर्ची टाकून पाहत बसल्या.

कादंबरी नावाची मुलगी घड्याळ धरून होती. ती आर. के. पुरममधीलच मराठी घरातली, परंतु जन्मापासून दिल्लीत वाढलेली. मी पोहे घेऊन गेले, तेव्हा ती हात वर करून म्हणाली, "आजी, एक मिनट, रीडिंग आहे यार!" मग जीभ चावून म्हणाली, "सॉरी, यार तुम्हाला नाही."

"खा आधी. उपसा चालूच राहणार आहे," मी म्हटले.

"उपसा म्हणजे?"

"हे काय, सकाळपासून तुम्ही तेच तर करता आहात."

"अच्छा! आम्ही ह्याला डिस्चार्ज म्हणतो," ती म्हणाली आणि तिने तो शब्द हातावर पेनाने लिहून घेतला.

वैजयंती त्यांना आकडा मिळाला की लगेच आलेखावर ठिपका द्यावयास लावी. त्या कागदावरील घरे सारखी नसतात. डावीकडे ऐसपैस असतात आणि उजवीकडे दाटी होत जाते. ठिपके एकामागून एक, छान वळण घेत चालले होते. वैजयंतीचा चेहरा उजळलेला मी दुरून पाहिला. दुपारच्या जेवणाला ती सगळ्यांना पाळीपाळीने वर पाठवू लागली, आणि नाल्याशी पाइपच्या टोकावर लक्ष ठेवणारी दोन मुले जेवावयास आली, तेव्हा जे घडले ते कोणाच्याही ध्यानात आले नाही.

थोड्या वेळाने चिमणी ओरडली आणि गौरवही ओरडला.

"मॅम! पानी रुक गया! नीचे ही नहीं जा रहा!"

पुढच्या खेपेस पाणी तसूभर वर आले होते. मुलांमध्ये एकच आनंद झाला. पुस्तकात असे लिहिलेले असते की उपसत असतानाही पातळी उतरावयाची थांबली, तर जवळपास एखादी नदी किंवा तलाव असून त्याचे पाणी आत येत आहे असे समजावे.

"मॅम, नदी मिल गई!" गौरव नाचत म्हणाला. "द्वारका में नदी!"

कोणी तरी नकाशा उलगडला. जवळ नदी सापडेना. वैजयंतीने बोअरभोवती एकदा पाहिले. ती फक्त म्हणाली, "किताब बंद करो. नक्शा भी बंद करो. अब अपने चारों तरफ देखो."

मुलांनी चारी बाजूंना पाहिले. कादंबरीने पाऊल उचलले, तर तिची चप्पल चिखलात राहिली.

बंद बोअरच्या भोवती गुलाबाचे वाफे होते. त्या वाफ्यांत पाणी तुडुंब भरले होते आणि बोअरच्या लोखंडी नळाच्या कडेने भोवरा करून आत शिरत होते. पलीकडे हिरवळीत श्री. भसीन पाइपचे टोक हातात धरून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते, की कोणालाच प्रथम बोलवेना.

"देखो बेटा, कैसे पी रही है!" ते म्हणाले. "सुबह से कलेजा जल रहा था मेरा. एक बूँद खराब नहीं होने दी मैंने."

दिल्लीच्या नव्या वस्तीत, टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे दिवस गेले, त्यांना नाल्यात वाहणारे स्वच्छ पाणी सकाळपासून पाहत राहणे शक्य नव्हते. मला ते शक्य झाले, याचे कारण मी स्वयंपाकघरात होते.

वैजयंतीने रागावण्याऐवजी एक प्रश्न विचारला. "अंकलजी, पाइप कब घुमाया?"

"चाय पीकर. क्यों? कुछ गडबड हो गई?"

गडबड काय झाली, ते समजल्यावर भसीनसाहेब वाफ्याच्या कडेला बसले. वैजयंतीने कादंबरीला ती वेळ लिहून घेण्यास सांगितले आणि पाइप परत नाल्याकडे नेला. उपसा संध्याकाळपर्यंत चालला. मग पंप बंद करून चालू बोअरमधील पाणी पुन्हा वर कसे चढते, तेही मुलांनी मोजले. भसीनसाहेब शेवटपर्यंत नाल्याशी पहारा देत उभे होते. पाण्याकडे मात्र त्यांनी पाठ केली होती.

टेस्ट पुन्हा करणे शक्य नव्हते. सोसायटी दुसऱ्यांदा पंप देणार नव्हती आणि तोंडी परीक्षा जवळ आली होती. जे कागदावर होते, तेवढेच होते.

पुढच्या आठवड्यात मुले आमच्या घरी जमली. जेवणाच्या टेबलावर आलेख पसरले गेले. पुस्तकातील ठरावीक वळणाची रेषा खाली ठेवून तिच्यावर आपला ठिपक्यांचा पारदर्शक कागद सरकवत न्यावयाचा आणि दोन्हींचा मेळ कोठे बसतो ते पाहावयाचे, अशी ती रीत आहे. कागद हवा तेवढा सरकवावा, परंतु तिरका करू नये, हा नियम. मेळ बसत नाही असे दिसले की मुलांचा अंगठा हळूच कागद तिरका करी. वैजयंती न बोलता हात पुढे करून तो सरळ करी. ब्लाउज बेतताना माझी आई माझा हात असाच सरळ करीत असे.

परंतु भसीनसाहेबांच्या हिरवळीचे ठिपके कोठेच बसत नव्हते. चांगले वळण येता येता मध्येच रेषा आडवी होई आणि थोडी वर उचले.

"मॅम," प्रतीक नावाचा एक शांत मुलगा म्हणाला, "पाँच-छह डॉट ही तो हैं. रबर मार दें? बाकी तो एकदम किताब जैसा है."

"हाँ मॅम," गौरव म्हणाला, "किसको पता चलेगा?"

वैजयंतीने आलेख आपल्याकडे ओढून घेतला. तिच्या मनात काय चालले होते, ते मला दिसत होते. स्वच्छ आलेख पाहून माथुरसाहेब प्रसन्न झाले असते आणि तिचे प्रात्यक्षिक टिकले असते. अमोल टीव्हीसमोर बसला होता, तो मराठीत म्हणाला, "अगं, दे ना पुसून. माथुरांना लॉन थोडंच दाखवायचंय? मोकळी हो एकदाची."

"अमोल, मग त्या परदेशी विहिरीने काय वाईट केलं होतं?" वैजयंती म्हणाली.

अमोलने टीव्हीचा आवाज कमी केला.

ती मुलांकडे वळली. "पानी सचमुच वहाँ था. तुमने ठीक नापा है. क्यों था, यह लिखो. मिटाना नहीं."

मग काम अवघड झाले. पाइप फिरवण्यापूर्वीचे ठिपके तेवढे विश्वासाचे. त्यांवरून एक उत्तर काढले. पंप बंद केल्यावर चालू बोअरमध्ये पाणी जसे चढले, त्यावरून दुसरे उत्तर काढले, कारण ती बोअर वाफ्यापासून दूर होती. दोन्ही उत्तरे जवळजवळ होती, परंतु एक नव्हती. गौरव हवालदिल झाला.

"मॅम, इनमें सही वाला कौन सा है?"

"मुझे भी नहीं मालूम," वैजयंती म्हणाली.

मुले तिच्याकडे पाहत राहिली. शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य त्यांनी बहुधा प्रथमच ऐकले असावे. मला मात्र त्यांच्याविषयी फार आशा वाटली, कारण त्यानंतर कोणीही तिच्या तोंडाकडे पाहीना. सगळे कागदाकडे पाहू लागले.

तोंडी परीक्षेस मी हजर नव्हते. तेथे काय झाले, ते मला वैजयंतीने आणि कादंबरीने एकाच वेळी सांगितले, त्यामुळे मी ते जुळवून लिहीत आहे.

परीक्षेच्या वेळी वैजयंतीला तेथे हजर राहण्याची मुभा होती, परंतु तिने मध्ये बोलू नये असे ठरले होते. माथुरसाहेबांनी गौरवचा आलेख उचलला आणि वर उचललेल्या ठिपक्यांवर बोट ठेवले.

"यह क्या है?"

"सर, यह भसीन साहब का लॉन है."

माथुरसाहेबांनी चष्मा काढला. गौरव थट्टा करीत आहे असे त्यांना वाटले. मग गौरवने सगळी हकीकत सांगितली. ती ऐकताना ते हसले नाहीत, परंतु वैजयंतीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा टाय हलत होता.

"अच्छा. और अगर पंप ही धीमा पड गया हो तो? लॉन पर इल्जाम क्यों?"

"सर, ड्रम उतनी ही देर में भर रहा था. हमने उस वक्त भी देखा था."

त्यांनी कादंबरीला विचारले की सोसायटीने दुसरी बोअर मारावी काय. ती म्हणाली की बागेत मारू नये, कारण दोन्ही एकमेकींचे पाणी ओढतील. दूरच्या कोपऱ्यात मारावी. किती खोल मारावी, हे या टेस्टवरून सांगता येत नाही.

"यानी नहीं मालूम?"

"नहीं मालूम, सर. पर कितना नहीं मालूम, वह आखिरी पन्ने पर लिखा है."

त्यांनी ते पान उघडले आणि सावकाश वाचले. वैजयंतीने हातातील पेनाचे टोपण इतके दाबले की ते फुटले. मग माथुरसाहेबांनी पुढील आलेख उचलला. तो प्रतीकचा होता आणि फारच सुंदर होता. त्यात एकही ठिपका इकडेतिकडे नव्हता.

"तुम्हारे बोर के पास लॉन नहीं था, बेटा?"

प्रतीकचे कान लाल झाले. "था सर. मैंने... साफ कर दिया."

माथुरसाहेबांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ ते कधी या कागदाकडे, कधी त्या कागदाकडे पाहत होते. नंतर त्यांनी गुण लिहिण्यास सुरुवात केली आणि शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत ते कोठेही अडले नाहीत. मुले गेल्यावर ते वैजयंतीला म्हणाले, "जवाब मुझे अब भी नहीं मालूम. लेकिन नंबर देने में कोई दिक्कत नहीं हुई. अगले साल दो बार कीजिए, वैजयंतीजी. और किताब वाला कुआँ..." येथे त्यांनी थोडा विचार केला, "उसे रिटायर कर देते हैं. उसकी भी उमर हो गई."

त्या दिवशी वैजयंती घरी आली ती कादंबरीला घेऊनच. दारातूनच दोघी एकदम बोलू लागल्या. "राहिलं, आई, राहिलं!" असे वैजयंती म्हणत होती आणि कादंबरी टाय कसा हलत होता ते दाखवत होती. अमोल पंखा बंद करून, म्हणजे नीट ऐकू यावे म्हणून, उभा राहिला. मी त्यांना आधी हातपाय धुवा असे सांगितले, परंतु नळाला पाणी नव्हते, टँकर यावयाचा होता. तेव्हा तशाच बसल्या आणि जेवल्या.

पुढच्या रविवारी सकाळी प्रतीक एकटाच आला. त्याला गुण कमी मिळाले होते आणि ते आता बदलणार नव्हते. तरीही तो आलेख पुन्हा काढावा असे त्याला वाटत होते. वैजयंतीने त्याला टेबल मोकळे करून दिले आणि ती स्वयंपाकघरात आली. त्याच्या शेजारी बसली नाही. तो मूळ आकडे समोर ठेवून एक एक ठिपका परत देत होता.

एवढ्यात भसीनसाहेब सोसायटीच्या कामासाठी वर आले. मुलांच्या अहवालाची एक प्रत त्यांनी आधीच मागून घेतली होती आणि ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असत. त्यांनी प्रतीकच्या खांद्यावरून कागदात डोकावून पाहिले.

"बेटा, इसमें मेरा लॉन कौन सा है?"

प्रतीकने बोट ठेवले. "यह वाला, अंकल. यहाँ से यहाँ तक."

"इतना छोटा?" भसीनसाहेब म्हणाले. "पेन्सिल से है, दिखता भी नहीं. पक्का कर, यार, जरा पक्का कर!"

प्रतीकने स्वयंपाकघराच्या दाराशी आलेल्या वैजयंतीकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. तेव्हा त्याने शाईचे पेन काढले आणि एक एक ठिपका गिरवू लागला.